विजेची सायकल आणि घरी जोडलेली बॅटरी

सायकल हे वाहन आपल्या आदिलाबाद जिल्ह्यास नवे नाही. कापसाच्या शेतावर जाणारा गडी, जिनिंगमध्ये पाळीवर जाणारा कामगार, शाळेत जाणारी मुले ह्या सर्वांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. मध्यंतरी मोटारसायकलीने तिला मागे सारले. आणि आता मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणाऱ्या विजेच्या मोटरमुळे ती पुन्हा डोके वर काढीत आहे. मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल हे साहित्य बाजारात तयार मिळते आणि हुशार मिस्त्री ते अर्ध्या दिवसात बसवून देतो. महाग पडते ती बॅटरी. म्हणूनच सेल विकत आणून बॅटरी घरीच जोडावी असे हौशी तरुणांस वाटू लागते. ह्या खटाटोपास नावे ठेवण्याकरिता हा लेख लिहिलेला नाही. हाताने काही घडविण्याची हौस ही चांगलीच गोष्ट होय. परंतु जे आपण जोडणार आहोत त्याच्या पोटात काय आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

शेजारच्या निजामाबादेत एप्रिल २०२२ मध्ये एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावून मंडळी झोपली होती. तिचा स्फोट होऊन ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ दगावले आणि घरातील इतर माणसे भाजली. त्याच वर्षी सप्टेंबरात वसई येथे अशाच प्रकारे भाजलेला सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात १२ तारखेस सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरच्या दुकानातून उठलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरून आठ माणसे मृत्युमुखी पडली. ह्या बॅटऱ्या कोणी घरी जोडलेल्या नव्हत्या. कारखान्यातून आलेल्या होत्या. पुढे केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकी विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी असलेला ए.आय.एस. १५६ हा नियम अधिक कडक केला. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. कारखानदाराच्या हातूनही जे निसटू शकते, ते घरच्या टेबलावर किती सहज निसटेल ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

प्रथम सेल म्हणजे काय ते पाहू. सायकलीच्या बॅटरीत बहुधा वापरला जातो तो ‘१८६५०’ ह्या नावाचा सेल. नावातच त्याचे माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य गोल आकाराचे. आत तांब्याचा व ॲल्युमिनियमचा असे दोन पातळ पत्रे, त्यांवर रासायनिक लेप, आणि दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागदाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा. ही सारी वळकटी गुंडाळून डब्यात बसविलेली असते. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूने दुसऱ्या बाजूस जातात, वापरताना परत येतात. भोवती जो द्रव असतो तो पाण्याचा नसून पेट घेणारा असतो. पडदा शाबूत आहे तोवर सर्व ठीक. तो फाटला, वितळला किंवा भेदला गेला की दोन्ही पत्रे आतल्या आत भिडतात, उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, तिने उष्णता आणखी वाढते. आणि एक सेल पेटला की शेजारचा तापून पेटतो. हे चक्र एकदा सुरू झाल्यावर स्विच बंद करून थांबत नाही. ह्या जातीचा सेल सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला आणि ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो. पूर्ण भरला म्हणजे ४.२. सायकलीच्या मोटरला ३६ किंवा ४८ व्होल्ट लागतात, म्हणून एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास असे क्रमाने जोडीत जावे लागते. शाळेच्या पुस्तकात ह्यास एकसर जोडणी म्हणतात. तेरा सेल एकसर जोडले की ४६.८ व्होल्ट होतात. बाजारात ह्यालाच ‘४८ व्होल्टची बॅटरी’ म्हणतात. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. टाकीत पाणी किती मावते हे वेगळे माप आहे, आणि ते वाढवावयाचे तर धनास धन व ऋणास ऋण अशी समांतर जोडणी करावी लागते. २.६ अँपिअर-तासाचे चार सेल समांतर जोडले की १०.४ अँपिअर-तासांचा एक गट होतो. असे तेरा गट एकसर जोडले म्हणजे ५२ सेलांचा पॅक तयार झाला. त्याचे व्होल्ट आणि अँपिअर-तास ह्यांचा गुणाकार सुमारे ४८७ वॉट-तास, म्हणजे अर्धे युनिट वीज. किलोमीटरला पंधरा वॉट-तास खर्च धरला, तर अधूनमधून पायडल मारीत तीसेक किलोमीटर जाता येते.

हिशेब इतका सोपा आहे, आणि त्यामुळेच लोक फसतात. जोडणे सोपे आहे. कठीण आहे ते जुळविणे. बैलजोडीत एक बैल धट्टाकट्टा आणि दुसरा थकलेला असला तर नांगर थकलेल्याच्या चालीने चालतो, आणि त्याला मारून ओढला तर तो मध्येच बसतो. पॅकचेही असेच आहे. एकसर जोडणीत प्रवाह सर्व गटांतून सारखाच वाहतो. समजा बारा गट १०.४ अँपिअर-तासांचे आहेत व तेरावा जुन्या सेलांचा, ८ अँपिअर-तासांचा आहे. आठ अँपिअर-तास खर्च झाले की तो तेरावा रिकामा झाला. इतरांत अद्याप माल शिल्लक आहे. बाहेरून एकूण व्होल्ट मोजले तर ४४ च्या आसपास भरतील, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी सर्व आलबेल. सायकलस्वार पुढे जातच राहतो आणि तो दुर्बल गट शून्याकडे ओढला जातो. फार खाली गेलेल्या सेलात तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी ते तांबे नको तेथे साचून आतल्या आत शॉर्ट होते. चार्ज करतानाही घात त्याचाच : तो सर्वांत आधी भरतो आणि बाकीचे भरेपर्यंत ४.२ च्या वर ढकलला जातो. दोन्हीकडून मार दुर्बलालाच. घरच्या पॅकच्या दुखण्याचे मूळ बहुधा ह्या विषमतेतच सापडते.

तेव्हा सर्वांत जास्त वेळ द्यावयाचा तो सेल निवडण्यास. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून सेल काढण्याची पद्धत स्वस्त आहे. दिवा किंवा रेडिओसाठी ती चालेल, पण माणसाच्या दोन पायांमध्ये ठेवावयाच्या पॅकसाठी मला ती मुळीच मान्य नाही. सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे आणि पावतीवर घेतलेले असावेत. १८६५० सेलावर ‘९९०० एम.ए.एच.’ असे छापलेले असेल तर तो सेल दुकानातच ठेवावा. ह्या आकारात चांगल्यातल्या चांगल्या कंपन्यांची मजल साधारण ३५०० पर्यंत जाते. काट्यावर ठेवून पाहिला तरी चोरी कळते : खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, पोकळ माल हलका लागतो. आणल्यावर प्रत्येक सेलास क्रमांक द्यावा, व्होल्ट मोजून वहीत लिहावेत, चार्ज करून दोन आठवडे नुसते ठेवून द्यावेत आणि पुन्हा मोजावेत. ज्याचे व्होल्ट इतरांपेक्षा स्पष्टपणे उतरले तो आतून गळका आहे. त्यास पॅकमध्ये जागा नाही. शक्य असल्यास परीक्षकावर प्रत्येकाचा अंतर्गत रोध आणि खरी क्षमता मोजून गट असे पाडावेत की सर्व गटांची बेरीज सारखी येईल. हे काम कंटाळवाणे आहे, आणि जो ते करणार नाही त्याने तयार पॅक घ्यावा हे उत्तम.

येथे आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. बहुतेक कंपन्या सेल चार्ज करण्यास ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा घालून देतात. आदिलाबादेत मे महिन्यात सावलीतला पाराच पंचेचाळिसाच्या घरात जातो. उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवरचा अथवा पत्र्याच्या छपराखालचा पॅक त्याहून कितीतरी तापतो. युरोपातल्या माणसाने लिहिलेल्या सूचना वाचून आपण बॅटरी बांधली, तर हा फरक त्यात धरलेला नसतो. आपली थंडी तेलंगणात कडक म्हणून प्रसिद्ध असली, तरी पारा शून्याखाली जात नाही, म्हणून त्या बाजूची धास्ती नाही. आपला शत्रू उन्हाळा. ह्या कारणाने माझे मत असे की आपल्या भागात लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचे सेल वापरावेत. ते बरीच अधिक उष्णता सोसतात आणि बिघडले तरी निकेल-कोबाल्ट जातीइतक्या आवेशाने पेटत नाहीत. ह्या पदार्थाचा शोध टेक्सास विद्यापीठात गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर पहिली दोन नावे पाधी आणि नंजुंडस्वामी ह्या भारतीयांची आहेत, हे सहज सांगून ठेवतो. ह्या सेलाचे सरासरी व्होल्ट ३.२, पूर्ण भरल्यावर ३.६५, म्हणून ४८ व्होल्टच्या मोटरसाठी तेराऐवजी सोळा गट लागतात. ‘३२७००’ मापाचे, सहा अँपिअर-तासांचे ३२ सेल घेतले तर सुमारे ६१४ वॉट-तासांचा पॅक होतो आणि सेलांचे वजन साडेचार किलोच्या आसपास जाते. वजन जास्त खरे, पण धान्याचे पोते लादणाऱ्या सायकलीस त्याचे काय? एवढे मात्र ध्यानात असावे की ह्या सेलाचे व्होल्ट मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाहीत. मीटर लावून ‘अर्धी शिल्लक आहे’ असा अंदाज करता येत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. काम लाकडी टेबलावर करावे. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. पान्याच्या व पक्कडीच्या उघड्या भागास टेप गुंडाळावी. पॅकचे पन्नासएक व्होल्ट माणसास सहसा मारीत नाहीत, परंतु दोन टोकांवर पान्ना पडला तर तो तेथेच लाल होतो. नवशिक्यास ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी की सेलाचा सबंध डबा हे ऋण टोक असते, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. दोहोंमध्ये एक बारीक कडे आणि वरचे पातळ प्लॅस्टिक एवढेच अंतर. त्या कडेवर निकेलची पट्टी घासून घासून प्लॅस्टिक फाटले की तेथेच शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशनच्या जाड कागदाची, बाजारात ज्यास बार्ली पेपर म्हणतात त्याची चकती चिकटवावी. चार आण्याची गोष्ट आहे, पण आमच्या रस्त्यांच्या खड्ड्यांत तीच पॅक वाचविते. सेल एकमेकांस चिकटवून टेपने करकचून बांधू नयेत. प्लॅस्टिकच्या खाचांच्या होल्डरमध्ये थोडे अंतर ठेवून बसवावेत.

समांतर जोडण्यापूर्वी सेलांचे व्होल्ट सारखे करून घ्यावेत. पाच शतांश व्होल्टपेक्षा अधिक फरक नसावा. भरलेली आणि रिकामी अशा दोन टाक्या मोठ्या नळाने एकदम जोडल्या तर पाणी जसे धावते, तसाच एक व्होल्टचा फरक असलेल्या दोन सेलांत दहा-बारा अँपिअर प्रवाह क्षणात धावू शकतो. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच लावाव्यात. सेलावर थेट सोल्डरिंग करू नये. इस्त्रीची उष्णता आतल्या पडद्यापर्यंत व सीलपर्यंत पोचते आणि झालेले नुकसान वरून दिसत नाही. पट्टी शुद्ध निकेलची असावी. बाजारात लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली पट्टीही त्याच नावाने विकतात. तुकडा खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला की सकाळी गंज खरे काय ते सांगतो. ०.१५ मिलिमीटर जाड व ८ मिलिमीटर रुंद पट्टीने साधारण पाच अँपिअर वाहावेत. चार सेलांच्या गटातून पुढच्या गटाकडे चार पट्ट्या गेल्या तर वीस अँपिअर झाले. पंधरा अँपिअरच्या कंट्रोलरला ते पुरेसे आहे.

पॅकचा पहारेकरी म्हणजे बी.एम.एस. नावाची पाटी. प्रत्येक गटाच्या टोकापासून एक बारीक तार तिच्याकडे जाते. तेरा गटांच्या पॅकला बहुधा चौदा. कोणताही एक गट मर्यादेच्या वर वा खाली गेला, प्रवाह फार वाढला, किंवा उष्णता वाढली, की ती पॅक तोडते. वरच्या उदाहरणातला दुर्बल तेरावा गट कंट्रोलरला दिसत नाही, हिला दिसतो. तारा जोडताना आधी जाड ऋण तार लावावी, मग बारीक तारा क्रमाने, आणि त्यांचा प्लग पाटीत बसविण्यापूर्वी शेजारच्या दोन-दोन पिनांमध्ये मीटर लावून पाहावे. प्रत्येक ठिकाणी एकाच सेलाचे व्होल्ट मिळाले पाहिजेत. कोठे दुप्पट, कोठे शून्य किंवा उलटे दिसले तर तार चुकली आहे. हा तपास टाळल्यास पाटी जळते. क्वचित अशी जळते की वरून चांगली दिसते आणि पहारा मात्र उठलेला असतो. काही लोक म्हणतात, बी.एम.एस. गटांची बरोबरी करून देते, मग सेल जुळविण्याचे श्रम कशाला? ती बरोबरी करते खरी, पण स्वस्त पाटी ते काम तासाला पन्नास-साठ मिलिअँपिअर-तासांच्या मानाने करते. एक अँपिअर-तासाचा फरक बुजविण्यास तिला वीस तास लागतील, आणि दुसऱ्या दिवशी फरक पुन्हा तेवढाच. तिच्यावर विसंबून वाईट सेल घालणे म्हणजे गळक्या माठाखाली वाटी ठेवण्यासारखे आहे. शिवाय सेलाच्या पोटातले शॉर्ट तिला मुळीच थांबविता येत नाही.

पहारेकऱ्यावर आणखी एक अर्गळा म्हणून धन टोकाजवळच फ्यूज हवा. मोटारगाडीचा रंगीत प्लॅस्टिकचा फ्यूज येथे चालत नाही. तो ३२ व्होल्टपर्यंतचा असतो आणि पन्नास व्होल्टला वितळला तरी ठिणगीचा पूल टिकून प्रवाह चालू राहू शकतो. फ्यूजवर डी.सी. आणि निदान ६० व्होल्ट लिहिलेले पाहून घ्यावा.

चार्जरच्या बाबतीत घोटाळा आमच्याकडे हमखास होण्यासारखा आहे, कारण जुन्या शिशाच्या बॅटरीच्या स्कूटरचे चार्जर घरोघर पडून असतात. त्यावरही ‘४८ व्होल्ट’ असेच लिहिलेले असते आणि पिनही बसते. परंतु तो ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. तेरा गटांच्या पॅकची मर्यादा ५४.६; भागून पाहिल्यास प्रत्येक सेलावर सुमारे साडेचार व्होल्ट येतात. सोळा गटांच्या फॉस्फेट पॅकचा चार्जर ५८.४ व्होल्टचा असतो, तोही तेरा गटांच्या पॅकला तितकाच घातक. बी.एम.एस. अशा वेळी तोडील, परंतु रोज तिच्यावर वेळ आणू नये. पॅकवर आणि त्याच्या चार्जरवर एकाच रंगाचा पट्टा ओढावा, आणि घरात दोन प्रकारचे पॅक असतील तर त्यांच्या पिनाच वेगळ्या ठेवाव्यात.

पॅक उन्हातून आला की लगेच चार्जरला लावू नये. हाताला गार लागेपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात संध्याकाळनंतरची वेळ बरी, पण सर्व मंडळी जागी असेपर्यंतच. चार्जिंगची जागा पडवीत, फरशीवर, दारापासून बाजूला. कारण बॅटरी पेटली तर बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे. आणि आपल्या जिल्ह्यासाठी एक विशेष सूचना : वेचणीनंतर भाव चढेपर्यंत कापूस घरातल्याच खोलीत छतापर्यंत भरून ठेवण्याची आपली पद्धत आहे. ज्या घरात कापूस आहे त्या घरात बॅटरी चार्जिंगला लावूच नये. शेजाऱ्याच्या ओट्यावर लावावी, परंतु तेथे नको.

पॅक फुगला, गोडसर उग्र वास आला, सूं असा आवाज झाला, किंवा नुसता ठेवलेला असता गरम लागला, तर आधी माणसे बाहेर काढावीत. घराचा मेन स्विच बंद करावा, १०१ वर फोन करावा. धुरात उभे राहू नये. तो विषारी असतो. मेन बंद झाल्यावर दूर राहून जे करता येईल ते म्हणजे भरपूर पाणी, कारण येथे आग विझविण्याहून सेल थंड करणे महत्त्वाचे. थोड्या पाण्याने काम होत नाही, आणि विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो. तो मोकळ्या जागेत ठेवून द्यावा.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, व तसे पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या अधिकृत संस्थेने तपासून दिलेले असेल, तर विजेची सायकल मोटार वाहन ठरत नाही. घरी बदललेल्या सायकलीस असा दाखला नसतो, हे वेगवान मोटर बसविणाऱ्यांनी विसरू नये.

निकामी झालेल्या पॅकची टोके टेपने झाकून तो बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे तो परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. भंगारवाल्याच्या गाड्यावर तो टाकू नये. तांबे काढण्यासाठी तो हातोडीने फोडील, आणि आत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसेल.